ती वही माझी होती

मी लिहायला-वाचायला शिकले तेव्हा माझे अर्धे केस पांढरे झाले होते. त्याआधी सगळीकडे अंगठा. रेशनच्या दुकानात अंगठा, ग्रामपंचायतीत अंगठा, नवरा वारला तेव्हा दवाखान्यातून त्याला घरी आणायच्या कागदावरही अंगठाच. बोटाची ती शाई दोन-दोन दिवस जात नसे आणि मी हात पदराखाली घेऊन फिरायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या सहीचा भाग मोठा आहे. सहीचं मला एवढं वेड का होतं ते कळायला पाहिजे. सबब म्हणून सांगत नाही. सबबी मी अडीच वर्षं पुष्कळ शोधल्या, त्यातली एकही टिकली नाही.

आमचं गाव जाम चौरस्त्याच्या अलीकडं, मोठ्या रोडपासून आत. वस्तीत विहार आहे, विहाराच्या मागं एक खोली, आणि त्या खोलीत माझ्या मैत्रिणीच्या मुलीनं वाचनालय उघडलं होतं. मैत्रीण म्हणजे माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या वस्तीत आलो, एकमेकींची बाळंतपणं केली. तिला ही एकच मुलगी. नागपूरला राहून शिकली. सगळ्यांना वाटलं, आता तिकडंच राहील, मोठी बाई होईल. ती परत आली. दिवसा एका खाजगी शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी वाचनालय. दोन लोखंडी रॅक, एक सतरंजी आणि एक पंखा. पंखा लावला की पानं उडायची, म्हणून तो बंदच असायचा.

मी तिथं पहिल्यांदा गेले ती तिला भाजी द्यायला. ती म्हणाली, "मावशी, बसा. आज तुमचं नाव लिहू."

मी म्हटलं, "माह्यं नाव लिहून कोनाले दाखवू वो? ज्याले दाखवाचं तो तं गेला."

"मले दाखवा," ती म्हणाली.

बाकीच्या बायांना तिनं बाराखडी दिली. अक्षरं जुळवता यायला लागली तरी मला बाराखडीत मन लागेना, तेव्हा म्हणाली, "तुम्ही दिवसभर बोलता ना, तेच लिहा. तुमची अर्धी टकळी जरी कागदावर आली तरी मले नवीन रॅक घ्यावा लागन." मग तिनं मला एक दोनशेपानी वही दिली. मी बोलायची तसं लिहायला लागले. दळताना मी पहिल्यापासून गाणी जुळवायची, आईनं शिकवलेली नाहीत, माझ्या मनची. सासूवर, कोंबड्यांवर, सरपंचावर. ती सगळी वहीत उतरली. चार पानं भरली की वही तिच्याकडं ठेवायची, ती लाल पेनानं सुधारून परत द्यायची. अशी ती वही कधी माझ्या घरी, कधी वाचनालयात.

मग गावची शाळा बंद झाली.

पोरं कमी आहेत म्हणून चौथीपर्यंतची शाळा मोठ्या शाळेत मिळवली, असा कागद आला. मोठी शाळा रोडच्या पलीकडं. रोड म्हणजे आपली बैलगाडीची वाट नाही, हैदराबादकडं जाणारे ट्रक तिथं सुसाट असतात. सहा वर्षांची पोरं तो रोड कशी ओलांडणार, एवढाच आमचा प्रश्न होता. मुलगी म्हणाली, हाच प्रश्न साहेबाला विचारू. तिनं अर्ज लिहिले. सरकारचं धोरण चूक आहे, कोणत्या कागदावरून चूक आहे, ते पण लिहिलं. उत्तर आलं नाही. तेव्हा आम्ही बाया तालुक्याच्या ऑफिससमोर जाऊन बसलो. दर सोमवारी. शिदोरी बांधून न्यायची, झाडाखाली पोरांची शाळा भरवायची, पाढे म्हणून घ्यायचे. साहेब खिडकीतून बघायचा. दुसऱ्या सोमवारी मला राहवलं नाही आणि मी गाणं जुळवलं:

सायबाच्या खुर्चीले वाळवी लागली, बाई
शाळेच्या कुलपाची किल्ली सापडत नाई
खाय वाळवी, खाय वाळवी, पाय चारही खाय
सायेब खाली बसला म्हंजे लेकराइले पाह्य

बाया पोट धरून हसल्या. ऑफिसचा शिपाईसुद्धा हसला. मी घरी येऊन ते वहीत लिहिलं आणि वही सुधारायला वाचनालयात ठेवली.

तिसऱ्या सोमवारनंतर गावात एक शब्द आला. कुठून आला ते सांगता येत नाही. मोबाईलवर आला म्हणतात. मुलगी नक्षलवाद्यांची आहे. नागपूरला शिकायला नव्हती, तिकडं जंगलात होती. शहरात राहून त्यांचंच काम करणारे असतात, त्यातली आहे. आधी कोणी खरं मानलं नाही. उलट चेष्टा झाली. ती गिरणीवर दिसली की गिरणीवाला म्हणायचा, "आली बाप्पा नक्षली, पह्यले इचं दळन काढा, नाई तं गोळी घालन." ती पण हसायची. म्हणायची, "गहू बारीक दळा दादा, जंगलात पोळ्या लाटाले पोळपाट नसते."

आणि मी. माझा पण वाटा आहे यात. मी लग्नाकार्यात मडक्यावरच्या लांब रोट्या करते, त्यासाठी मला हिंगणघाटपर्यंत बोलावणं येतं. अशाच एका लग्नात पन्नास माणसं बसलेली, चुलीवर पालथं मडकं तापलेलं, मी हातावर कणीक ताणत होते. ही मुलगी वाढायला आली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिच्या हातची भाजी जपून खाजो, हे आमची नक्षली व्हय." काय हशा पिकला. मला बोलायची हौस, आणि लोक हसले की ती आणखी वाढते. त्या पन्नास माणसांत दुसऱ्या गावची माणसं होती, त्यांना आमची चेष्टा काय ठाऊक. ती आपापल्या गावी काय घेऊन गेली असतील? हे मला तेव्हा सुचलं नाही. आता रोज सुचतं.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळची वेळ. दुसऱ्या दिवशीच्या कार्यासाठी मी गव्हाची परीक्षा म्हणून थोडी कणीक सैल भिजवून परातीत आपटत होते. दारात पोलीस पाटील उभा. आमच्याच गावचा, माझ्या मुलाच्या बरोबरीचा.

"मावशी, हात धुवा अन् चला. पंच पाह्यजे."

"कोनाले?"

"तुमालेच. झडती बाईची आहे तं पंच बाईच पाह्यजे म्हन्ते सायेब. सही येनारी. आपल्या गावात सहीवाली म्हातारी बाई दुसरी कोन आहे?"

आता पंच म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. गारपीट झाली, घर जळलं, कोणी विहिरीत पडलं, की पंचनामा होतो. साहेब येतो, गावातले चार मोठे लोक पंच म्हणून बसतात. त्यांना खुर्ची, त्यांना चहा. त्यांनी पाहिलं ते खरं, त्यांची सही शेवटची. माझ्या नवऱ्यानं जन्मभर त्या पंचांसाठी खुर्च्या वाहिल्या. ग्रामपंचायतीतून डोक्यावर घेऊन जायच्या, काम झालं की परत आणायच्या. त्याला कोणी कधी बस म्हटलं नाही. आणि आज त्याच्या बायकोला पाटील पंच म्हणून बोलवायला घरी आला होता. कशाची झडती, कोणाची झडती, हे मी विचारायच्या आधी हात धुतले. लुगडं बदललं. हे मी लपवत नाही, मी लुगडं बदललं.

पाटील विहाराकडं वळला तेव्हा झडती कोणाची ते मला कळलं.

वाचनालयासमोर जिल्ह्याहून आलेली गाडी होती. आत दोन साहेब, एक पोलीसबाई, एक लिहिणारा. मुलगी रॅकला टेकून उभी. तिची आई, माझी मैत्रीण, बाहेर पायरीवर बसलेली. मला बघून तिच्या चेहऱ्यावर जीव आला. म्हणाली, "तू आली, बरं झालं माय. तू राह्यजो आत. हे काही बाही लिहितीन." तिला वाटलं मी तिच्या बाजूनं आले आहे. मला पण तसंच वाटलं. साहेबानं मला खुर्ची दिली. मी बसले.

त्यांनी एकेक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मुलीचा मोबाईल, देवघेवीचं रजिस्टर, आमचे सोमवारचे पुठ्ठ्याचे फलक. लिहिणारा लिहीत होता. मग पोलीसबाईनं टेबलाच्या खणातून एक वही काढली. घोड्याचं चित्र असलेली, कोपरे दुमडलेले. माझी वही.

साहेबानं चाळली. मधेच थांबला, दुसऱ्या साहेबाला दाखवली. मोठ्यानं वाचलं, "खाय वाळवी, पाय चारही खाय. बघा. खुर्ची पोखरायची भाषा आहे. बायकांच्या तोंडी गाणं म्हणून घालतात हे लोक, पद्धतच आहे यांची." मग मुलीला विचारलं, "ही वही कोणाची?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. लांब पाहिलं नाही, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसल्यावर आपण पाहतो तेवढंच. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. आणि त्याच क्षणी मला माझी नात दिसली. डोळ्यासमोर, म्हणजे मनात. ती पोलीस भरतीची तयारी करत होती, पहाटे रोडच्या कडेनं धावायची, मैदानी परीक्षा पास झाली होती, घरची चारित्र्य पडताळणी व्हायची होती. आजीच्या वहीत सरकारची खुर्ची पोखरायचं गाणं सापडलं, तर? मी तोंड मिटलं.

मुलगी म्हणाली, "वाचनालयाची आहे."

"अक्षर कोणाचं?"

"लाल अक्षर माझं आहे."

"आणि निळं?"

"इथे पुष्कळ जणी शिकायला येतात."

साहेबानं लिहिणाऱ्याला सांगितलं, "लिहा. सरकारविरोधी चिथावणीखोर मजकूर असलेली हस्तलिखित वही, नग एक. सदर महिलेच्या ताब्यातून."

मग प्रत्येक वस्तू कागदात बांधली, दोरा, लाख. प्रत्येकीवर एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर पंचांच्या सह्या. दुसरा पंच म्हणून पाटलानं चौकातला पानटपरीवाला आणला होता, त्यानं भराभर केल्या. मी सावकाश सही करते, एकेक अक्षर जोडून. साहेब म्हणाला, "वा आजी, अक्षर चांगलं आहे." ज्या मुलीनं मला ते अक्षर दिलं तिच्यासमोर, माझ्याच वहीवर डकवलेल्या चिठ्ठीवर मी सही केली. नखांत कणीक होती, कागदाला लागली. साहेबानं ती बोटानं झटकली.

मुलीला त्या दिवशी चौकशीला नेलं. संध्याकाळी परत पाठवलं. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा परत आली नाही. कलमं कोणती लावली ते मला सांगता यायचं नाही, पण जामीन लवकर मिळत नाही अशी होती. दहा महिने ती आत होती. शाळेची नोकरी पहिल्याच आठवड्यात गेली. वाचनालयाला कुलूप. आणि सोमवार? तिला नेल्यावरच्या पहिल्या सोमवारी चार बाया निघाल्या, पुढच्या सोमवारी कोणीच नाही. एकीनं मला विहिरीवर म्हटलं, "आपन बसलो तं आपल्यालेबी तेच म्हनतीन." ती काही चूक बोलली नाही. एकीला नाव ठेवलं आणि सगळ्या गप्प झाल्या. मुलं आता रोड ओलांडून जातात. आया हात धरून नेतात, मजुरी बुडवून. विचारत कोणीच नाही.

सगळ्यात वाईट ते माझं शेजारी जाणं. वस्तीतल्या लोकांनी माझ्या मैत्रिणीकडं येणं-जाणं कमी केलं होतं. भांडण नाही, वाईट शब्द नाही, नुसतं येणं बंद. मी जात राहिले. रोज दुपारी. तिचे पाय सुजायचे, मी तेल लावायची. ती पडल्या-पडल्या बोलायची.

"सगळे गेले बाई. तूच एक आहे."

मी तेल चोळायची.

"वकील म्हन्ते, बाकी काहीच नाई सापडलं. पुस्तकं तं बजारात भेटते. त्या वहीनंच घात केला म्हन्ते. कोनं ठेवली असन वो? तू तं होती आत. तुले काई दिसलं का?"

"माह्यं ध्यान नव्हतं," मी म्हटलं.

"एकादीनं मुद्दाम आनून टाकली असन."

"असन," मी म्हटलं.

हा शब्द मी तोंडानं बोलले. नुसतं गप्प बसणं वेगळं, हा शब्द वेगळा. ती मला त्या दिवशी जेवून जा म्हणाली आणि मी जेवले. तिच्या हातची तिळाची चटणी मला आवडते म्हणून ती मुद्दाम करायची.

एकदा मी पाटलाकडं गेले होते, हे पण सांगायला पाहिजे. मुलीला आत जाऊन तीन महिने झाले असतील. तो वावरातून येत होता, मी त्याला वाटेतच गाठलं.

"ते वही माही आहे," मी म्हटलं. "गानं म्या जुळवलं. जाऊन सांगाचं म्हन्तो."

तो इकडंतिकडं पाहून म्हणाला, "मावशी, तुमाले कोनं इचारलं का?"

"नाई."

"मंग? तुमी सही केली का नाई की तिच्याजवळून सापडली? आता म्हनान माही आहे, तं सायेब म्हनन, म्हातारी खोटी पंच झाली. तुमी आत, अन् ते पोरगी काई बाहेर येत नाई. दोघी आत. नातीचं काय झालं?"

"पडताळनीचा कागद अजून याचा आहे."

"तं येऊ द्या ना. काऊन आपल्या हातानं चुलीत पाणी ओतता?"

मी परत आले. खरं सांगू, मला त्यानं अडवलं याचं बरं वाटलं. घरी येईपर्यंत पाय हलके झाले होते. आपण जाऊन आलो, आपण सांगितलं, त्यानं ऐकलं नाही तर आपण काय करणार, असं मनाला समजावून मी भाकरी थापल्या.

नातीची पडताळणी झाली. ती भरती झाली, ट्रेनिंगला गेली, तिकडं नोकरीवर लागली. वस्तीत पेढे वाटले. शेजारीण पाय ओढत आली, नातीच्या तोंडावरून हात फिरवला. आता भीती कशाची होती? कशाचीच नाही. तरी मी त्यानंतरचं सगळं वर्ष गप्पच राहिले. तेव्हा मला कळलं की नात हे कारण नव्हतं. एकदा गप्प बसलं की ते अंगवळणी पडतं, मग कारण लागत नाही.

दहा महिन्यांनी मुलगी जामिनावर सुटली. गावात राहायचं नाही अशी अट. ती नागपूरला एका ओळखीच्या घरी राहते, तारखेला येते. आई तारखेच्या दिवशी तिला कोर्टात बघते, तेवढीच भेट.

मग मला समन्स आलं. पंच म्हणून साक्ष. जायच्या आदल्या दिवशी एक पोलीस येऊन सांगून गेला, "आजी, दोनच गोष्टी. सही माझी, आणि वस्तू माझ्यासमोर जप्त केली. जास्त बोलायचं नाही." मैत्रीण म्हणाली, आपण दोघी बरोबरच जाऊ. सकाळच्या एसटीनं निघालो. तिनं डबा घेतला होता, दोघींचा. खिडकीची जागा तिनं मला दिली. वाटेत म्हणाली, "तू फक्त खरं सांगजो. तुह्यं आयकतीन ते."

कोर्टात पिंजऱ्याच्या बाजूला मुलगी उभी होती. वाळली होती, चष्मा लागला होता. मला बघून तिनं मान हलवली, घरी आलेल्या पाहुण्याला हलवावी तशी.

सरकारी वकिलानं मला चिठ्ठी दाखवली. "ही सही तुमची?"

"हो जी."

"ही वही तुमच्यासमोर जप्त केली?"

"हो जी. अन् वहीबी माहीच आहे."

तो पुढचा कागद काढत होता, थांबला. म्हणाला, "विचारलं तेवढंच सांगा."

न्यायाधीश बाई होत्या. त्या म्हणाल्या, "काय म्हणालात? परत सांगा."

मी समोरच्या लाकडाला धरलं. म्हटलं, "बाईसाहेब, वही माही आहे. गानं म्या जुळवलं. हे पोरगी नुसती सुधरवून देत होती. वाळवी म्हन्लं ते सायबानं खाली बसून लेकराइले पाहाव म्हनून म्हन्लं, त्याले माराले नाई. त्या दिवशी मी तिथंच खुर्चीवर बसून होती. मले बोलाचं होतं. मी भेली."

सरकारी वकील लगेच उठला. पंच फितूर झाली आहे, असं लिहून घ्या म्हणाला. मग मलाच उलट विचारायला लागला. आरोपीच्या आईबरोबर आलात ना? शेजारी राहता ना? किती वर्षांची ओळख? हे तुम्हाला कोणी शिकवलं? ज्यांचं आरोपीशी साटंलोटं असतं तीच माणसं असं बोलतात, म्हणाला. मला त्या वेळी मुलीच्या जागेवरून जग कसं दिसत असेल ते पहिल्यांदा दिसलं. काहीही बोला, ते तुमच्या नावाला चिकटतं.

मुलीच्या वकिलानं विचारलं, "वही तुमची, याला काही खूण?"

मी म्हटलं, "आखरीचं पान पाहा जी."

लाख फोडून वही उघडलेलीच होती. न्यायाधीश बाईंनी शेवटचं पान काढलं. सही शिकत होते तेव्हा मी ते पान भरवलं होतं. वरपासून खालपर्यंत माझंच नाव, पहिल्या ओळी पडणाऱ्या, मग हळूहळू सरळ होत गेलेल्या. एवढ्या दिवसांत ते पान कोणी उलटलं नव्हतं. पोलिसांनी गाण्याच्याच पानांच्या प्रती काढल्या होत्या. पण मुलीला ते पान माहीत होतं. तिनंच ते माझ्याकडून गिरवून घेतलं होतं. तिनं तिच्या वकिलाला सुद्धा सांगितलं नव्हतं. दहा महिने आत राहिली आणि सांगितलं नाही.

न्यायाधीश बाईंनी चिठ्ठी आणि पान शेजारी ठेवून पाहिलं, काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं, अक्षर तपासायला पाठवायचं म्हणाल्या. पुढची तारीख दिली. सिनेमात असतं तसं काही झालं नाही. केस चालू आहे.

बाहेर व्हरांड्यात मुलगी माझ्याजवळ आली. मी तिचे हात धरायला गेले, तिनं धरू दिले. मी म्हटलं, "तू काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही म्हातारं माणूस, मावशी. आत थंडी फार असते," ती म्हणाली. मग म्हणाली, "पहिले सहा महिने मले वाटे, तुम्ही येसान." तिनं हात सोडवून घेतला आणि वकिलाकडं गेली. तिला नागपूरची गाडी पकडायची होती.

तिची आई भिंतीशी बाकावर बसली होती. आत तिनं सगळं ऐकलं होतं. मी जवळ गेले तशी ती पिशवी घेऊन उठली. दोघी स्टँडवर आलो. गाडीला वेळ होता. तिनं पिशवीतून डबा काढला, झाकणात दोन भाकरी, भाजी, तिळाची चटणी वाढली आणि माझ्यापुढं ठेवली. स्वतः घेतलं नाही.

"खाय," ती म्हणाली. "तुह्यासाठीच केलतं सकाऊन."

मी म्हटलं, "मले शिव्या दे."

"शिव्या काय देऊ. माह्ये पाय चोळत होती तू रोज."

मी खाल्लं. एकही तुकडा टाकला नाही, कारण टाकायची हिंमत नव्हती. तिनं डबा धुतला, बंद केला. गाडी लागली. ती पुढच्या दारानं चढली आणि एका अनोळखी बाईच्या शेजारी जाऊन बसली. मी मागं बसले. गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा ती थांबली, मला वाटलं, बरोबर चालायला थांबली. ती म्हणाली, "उद्यापासून येऊ नको. तेल मी लावून घेईन." आणि पाय ओढत पुढं गेली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर उभी राहिले, तिच्या मागं चालायचं धाडस झालं नाही.

याला आता चार महिने झाले. भिंतीपलीकडून तिचं खोकणं ऐकू येतं, भांडी घासणं ऐकू येतं. माझं पण तिला येत असेल. अक्षराचा नमुना द्यायला मला पुन्हा बोलावलं आहे, मी जाणार आहे. पोलीस दोनदा घरी येऊन गेले, मी कोणाकोणाला भेटते ते विचारत होते. गिरणीवर परवा मी गेले तर दोन बाया बोलता-बोलता थांबल्या. त्यांना मी दोष देत नाही. मी पण अशीच थांबले असते.